वाचकांचे प्रश्न : तीस सेंटिमीटरांत पाऊस

प्रश्न : ‘पाऊस’ या विषयावरील शिवणकामाच्या उपक्रमासाठी मी भिंतीवर टांगायची छोटी क्विल्ट (वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर असे तीन थर एकत्र शिवलेली गोधडी) शिवली. तिची प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटर असावी, अशी अट आहे. ढग, छत्री, बेडूक आणि होडी असे सगळे आकार मी वरच्या कापडावर बसवले; मात्र मशीनवर तिन्ही थर शिवून झाल्यावर बाजू २९ सेंटिमीटरच भरली, कडा लहरी झाल्या आणि अस्तरावर चुण्या पडल्या. माझे कोठे चुकले?

उत्तर : मापाचा दोष तुमच्या कात्रीचा नाही. तिन्ही थरांतून टाके गेले की मधला भरणाचा थर दबतो आणि कापड आत ओढले जाते. टाके जितके दाट, तितकी ही घट अधिक. म्हणून वरचे कापड ३३ ते ३४ सेंटिमीटरचे घ्यावे, भरण आणि अस्तर त्याहून चारही बाजूंनी ३ ते ५ सेंटिमीटर मोठे ठेवावे आणि सर्व टाके घालून झाल्यावरच तुकडा ३० सेंटिमीटरांवर कापावा. कापण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते समान नसतील, तर बाजू सारख्या भरूनही चौकोन तिरका असतो.

लहरी कडांचे कारण बहुधा तुमच्या आकारांतच आहे. छत्री आणि बेडूक यांच्याभोवती दाट शिवण आली, त्यामुळे मध्यभाग आवळला गेला. कडेला टाकेच नसल्याने तेथील कापड तसेच मोकळे राहिले आणि फुगले. चुण्यांचे कारण वेगळे आहे. मशीनच्या सुईखालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा थर मागे रेंगाळतो. मधोमध सुरुवात करून बाहेरच्या दिशेने साधारण दहा-दहा सेंटिमीटरांवर कच्चे टाके घातले आणि अस्तर ताणून (पण खेचून नव्हे) सपाट पसरले, तर थर सरकत नाहीत. वरून व खालून एकाच वेळी कापड पुढे नेणारा वॉकिंग फूट (मशीनला लावायचा विशेष दाबपाय) उपलब्ध असेल, तर तो अवश्य वापरावा.

आता विषयाबद्दल, कारण खरी अडचण मला तेथे दिसते. एवढ्याशा जागेत चार वस्तू मांडल्या की त्या पावसाची यादी वाटू लागतात. माझ्या मते येथे पाऊस टाक्यांनीच दाखवावा : करड्या-निळ्या कापडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या तिरप्या ओळी आणि त्यांत केवळ एक छत्री. सर्वत्र सारख्या अंतराच्या ओळी आल्या की कडाही आपोआप सपाट राहतात, हा लाभ वेगळाच. छत्रीचा रंग ठरवताना कापडांचे कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. रंग वेगळे असूनही त्यांचा फिकट-गडदपणा सारखा असेल, तर दूरवरून छत्री दिसणारच नाही. (बेडकाचा मोह मलाही आवरला नसता, हे कबूल करते.)

कडा बंद करणाऱ्या गोटासाठी ६ सेंटिमीटर रुंद कापून मग लांबीत मधोमध दुमडलेली पट्टी सुमारे १४५ सेंटिमीटर लागेल. कडा सरळ असल्याने उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरपी कापलेल्या) पट्टीची गरज नाही, उलट ती ताणली जाऊन पुन्हा लहर येण्याची भीती असते. ६ मिलिमीटरची माया (शिवणीबाहेर राहणारे कापड) गोटाखाली जाते, हे ध्यानात ठेवून छत्रीचे टोक कडेपासून आत ठेवावे.

आधीचा तुकडा टाकून देऊ नका. भरण सुती असेल, तर ओलसर कापड ठेवून वरून हलकी इस्त्री दाबावी. पॉलिस्टरचे भरण मात्र उष्णतेने चपटे होते. मग छत्रीचा भाग २० सेंटिमीटरांवर कापून, कडा बंद करून, साध्या ओळींनी शिवलेल्या ३० सेंटिमीटरच्या दुसऱ्या तळावर हाताने जोडता येईल. असा जोडलेला तुकडा नियमांत बसतो का, हे मात्र आधी तपासावे.