पोहण्याच्या हौदाला कोणता रंग द्यावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या मळ्यात पोहण्यासाठी सिमेंटचा हौद बांधला आहे. मुलांना गडद निळा रंग हवा आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : गडद रंग टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. पाणी प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेत असल्यामुळे पांढऱ्या किंवा फिकट आकाशी तळावरही ते निळसरच दिसते. उलट गडद तळ ऊन शोषून पाणी अधिक तापवतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बुडणारे मूल फिकट तळावर चटकन नजरेस पडते. मात्र त्याच्या अंगात निळे कपडे नसावेत, केशरी असावेत. काळ्या मातीचा गाळ उठून दिसेल खरा, पण दिसला तरच तो वेळीच काढला जातो. इपॉक्सी रंग (दोन घटक मिसळून लावायचा, पाण्यात टिकणारा रंग) गिलावा पूर्ण वाळल्यावरच द्यावा आणि पायऱ्यांच्या कडा तेवढ्या गडद ठेवाव्यात.