राष्ट्रीय युद्धस्मारकांमुळे सैनिकांचा खरोखर सन्मान होतो, की ती केवळ लोकांच्या भावना जागवण्यासाठी उभारली जातात?

या प्रश्नाचे उत्तर मी दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकापुरतेच देतो, कारण तेच मी नीट पाहिले आहे. माझ्या मते तेथे सन्मान निश्चित होतो, आणि तो होतो तेथील नोंदीमुळे. लोकांचे डोळे भरून येतात तेही त्या नोंदीमुळेच. वास्तूची भव्यता मला त्या मानाने दुय्यम वाटते.

इंडिया गेटजवळ सुमारे 40 एकरांवर असलेल्या या स्मारकाचे उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 रोजी झाले. त्याची रचना एकात एक अशा चार वर्तुळांची आहे : अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. मध्यभागी स्तंभ आणि अखंड ज्योत आहे, वीरता चक्रात गंगासागर, लोंगेवाला, रेझांग ला अशा लढायांची कांस्यशिल्पे आहेत. पण माणसे सर्वाधिक रेंगाळतात ती त्याग चक्रात. तेथील 16 भिंतींवर प्रत्येक हुतात्म्यासाठी ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी बसवलेली असून तीवर सोनेरी अक्षरांत नाव, हुद्दा आणि पलटण कोरलेली आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी 25,942 नावे होती. इंडिया गेटवरही पहिल्या महायुद्धातील आणि तिसऱ्या अफगाण युद्धातील सुमारे 13 हजार नावे आहेत, परंतु कमानीवर उंच कोरलेली ती नावे खाली उभ्या माणसाला वाचता येत नाहीत. 1972 पासून त्या कमानीखाली तेवणारी अमर जवान ज्योतही अनामिक सैनिकाची होती. जानेवारी 2022 मध्ये ती नव्या स्मारकातील ज्योतीत विलीन केली गेली, तेव्हा अनेक माजी सैनिकांना वाईट वाटले, तर अनेकांनी त्या निर्णयाचे स्वागत केले. दोन्ही बाजूंची तळमळ खरी होती असे मला वाटते.

नावाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. 1999 च्या कारगिल युद्धापर्यंत रणांगणावर पडलेल्या जवानाचे पार्थिव बहुतेक वेळा गावी येत नसे. अंत्यसंस्कार आघाडीवरच होत आणि घरी येई ती तार. 1962, 1965 आणि 1971 मधील कित्येक घरांना शेवटचे दर्शनही मिळाले नाही. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यांच्या घरच्यांनी फूल वाहायचे तरी कुठे? अशा कुटुंबाला, इतक्या वर्षांनी का होईना, बोट ठेवता येईल असे एक नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे गावोगावी वीरगळ उभे आहेत आणि लोक आजही त्यांना शेंदूर लावतात, पण त्यांतील बहुतेकांवर त्या वीराचे नाव नाही. तो कोण होता हे गाव विसरून गेले आहे.

माझे थोरले काका 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते. त्यांना घेऊन मी या स्मारकात गेलो, तेव्हा त्यांना एकाच सोबत्याचे नाव पाहायचे होते. तेथील संगणकाच्या पडद्यावर नाव शोधून आम्ही त्या भिंतीपाशी पोहोचलो. काकांनी चष्मा पुसला, पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "लान्स नाईक लिहिलंय. बरोबर आहे. फीत मिळून महिनासुद्धा झाला नव्हता त्याला." त्यानंतर ते सावधान उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला. त्यांना आधी हुद्द्याची खात्री करून घ्यायची होती, हे मला फार मोलाचे वाटले. आपल्या माणसाची नोंद चुकलेली नाही, हे पाहण्यात हयात सैनिकाचाही सन्मान असतो.

हयात सैनिकांचा विषय निघालाच आहे, तर याच स्मारकातील परम योद्धा स्थळाचा उल्लेख करायला हवा. तेथे परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत आणि त्यांत कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे आहेत. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर बॉम्बे इंजिनिअर्सच्या या अधिकाऱ्याने शत्रूच्या माऱ्यात सुरुंग काढत आणि अडथळे दूर करत रणगाड्यांना रस्ता करून दिला. एका टप्प्यावर तर ते रणगाड्याच्या खालून सरपटत पुढे सरकत होते आणि दोरी ओढून चालकाला थांबण्या-निघण्याच्या खुणा करत होते. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले सैनिक होत, आणि पुढे मेजर म्हणून निवृत्त होऊन ते सर्वसामान्यांसारखे जगले.

भावना जागवण्याबद्दल आपल्या मनात जी शंका आहे, ती अनाठायी नाही. घोषणा देऊन आणि फोटो काढून परतणारी गर्दी तेथेही असते. म्हणूनच जाणाऱ्यांना मी संध्याकाळी जाण्याचा आग्रह करतो, कारण त्या वेळी दररोज एका हुतात्म्याच्या कुटुंबाच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. एखादी वृद्ध आई किंवा पत्नी समोरून चालत येते, तेव्हा घोषणा आपोआप थांबतात.

या स्मारकात मला एक मोठी उणीव मात्र जाणवते. त्यातील नावे स्वातंत्र्यानंतरची आहेत आणि इंडिया गेटवरची दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात गेलेले जवान दोन्हीकडे नाहीत. मराठा पलटणीतील नायक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, पण या दोन्ही राष्ट्रीय स्मारकांत त्यांच्यासारख्या हजारोंसाठी जागा नाही. ते परक्या सत्तेसाठी लढले असे कारण द्यावे, तर तेच कारण पहिल्या महायुद्धातील जवानांनाही लागू पडते. या नावांसाठी याच परिसरात आणखी एक भिंत उभी राहावी, असे मला मनापासून वाटते.