पॅकेज एसीचा जळालेला कॉम्प्रेसर सुरक्षितपणे कसा बदलायचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ११ टनी डक्टेबल पॅकेज युनिट, आर-२२ गॅस, ५.५ टनाचे दोन थ्री-फेज स्क्रोल कॉम्प्रेसर, दोघांची सर्किटं वेगळी. एका सर्किटचा कॉम्प्रेसर वर्षभरात दुसऱ्यांदा अर्थ झालाय (मोटरचं वाइंडिंग जळून बॉडीला लागलंय) आणि तो तुम्हाला स्वतः बदलायचाय. एवढ्या लवकर दुसरा गेला, तेव्हा माझा पहिला संशय असा की मागच्या वेळी फक्त कॉम्प्रेसर बदलला गेला. तो मारणारं कारण आणि जळालेल्या तेलातलं ॲसिड सर्किटमध्येच राहिलं. तसंच पुन्हा केलंत तर तिसराही जाईल.

आधी तो खरोखर मेलाय का ते बघा. पॅनेलचा आयसोलेटर (मुख्य स्विच) पाडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा. कंट्रोलची सप्लाय काही ठिकाणी वेगळ्या एमसीबीवरून आलेली असते, म्हणून मीटर लावून खात्री करा. कॉम्प्रेसरच्या वायरी काढून तिन्ही वाइंडिंगचे ओहम मोजा. ते सारखे यायला हवेत. तिन्ही ओपन दाखवत असतील आणि कवच गरम असेल तर आतला ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की सप्लाय तोडणारी कळ) उघडलेला असू शकतो. तो मिटायला काही वेळा दोन-तीन तास लागतात आणि तेवढ्यात चांगला कॉम्प्रेसर भंगारात जातो. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) वाइंडिंग आणि बॉडीमध्ये लावा. स्क्रोलची मोटर खाली, तेलात आणि साचलेल्या लिक्विड गॅसमध्ये बसलेली असते, त्यामुळे अर्धा-एक मेगओहम रीडिंग आलं तरी लगेच निकाल देऊ नका. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरच्या तळाचं तेल गरम ठेवणारा) काही तास चालवून परत मोजा. शून्य आलं तर मात्र तो गेलाच. सर्किट व्हॅक्यूममध्ये असताना मेगर लावायचा नाही, टर्मिनलमध्ये आर्क होतो.

एक धोका फार कमी लोक सांगतात. आत प्रेशर असताना टर्मिनलचं झाकण काढून सप्लाय द्यायची नाही. अर्थ झालेल्या कॉम्प्रेसरची टर्मिनल पिन उडू शकते. तिच्यामागून तेल आणि गॅस फवाऱ्यासारखे येतात आणि ठिणगीने पेट घेतात. ‘एकदा मारून बघू’ हा मोह इथे जिवावर बेततो.

गॅस हवेत सोडू नका. रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढा, सिलिंडर ८० टक्क्यांपुढे भरू नका, आणि हा जळका गॅस परत वापरू नका. होज हाय (डिस्चार्ज, जिथून गॅस कॉम्प्रेसरबाहेर पडतो) आणि लो (सक्शन, जिथून आत येतो) दोन्ही साइडला लावायचे. बंद स्क्रोल आतून सील होऊन बसू शकतो. नुसत्या हाय साइडने गॅस काढला तर गेज शून्य दाखवतं आणि सक्शनमध्ये प्रेशर अडकून राहतं. दोन्ही गेज शून्यावर आल्याशिवाय पाइपला हात लावू नका.

जुना कॉम्प्रेसर टॉर्चने सोडवू नका, ट्यूब कटरने पाइप कापा. आतलं तेल ज्वाळेत आलं की भडका उडतो, आणि उरलेला आर-२२ ज्वाळेत फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार करतो. हातमोजे आणि गॉगल घाला, कारण बर्नआउटचं (मोटर जळाल्यावरचं) तेल कातडी भाजतं. त्याचा थोडा नमुना काढून ॲसिड टेस्ट किटने तपासा. तेल काळं, वास झोंबणारा, टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर सफाईचं काम वाढलं. वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात असतं, दोघांनी उचला. नवीन कॉम्प्रेसर आडवा करू नका.

आता सफाई. कोरडा नायट्रोजन सोडून कॉइल आणि पाइपमधलं तेल बाहेर काढा. लिक्विड लाइनचा ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) नवीन हवाच. त्याशिवाय सक्शन लाइनला, कॉम्प्रेसरच्या आधी, ॲसिड शोषणारा बर्नआउट ड्रायर घाला. त्याच्या दोन्ही टोकांना प्रेशर मोजायची सोय ठेवा. एक्स्पान्शन व्हॉल्व्हची जाळी काढून बघा, तिथे काळा चिखल साठतो. कॉन्टॅक्टर (मोटरला सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) बदलाच. त्याचा एक पॉइंट जळका असेल तर मोटर दोन फेजवर चालते, आणि पुष्कळदा कॉम्प्रेसर मारणारा हाच असतो.

नवीन कॉम्प्रेसरमधलं तेल तुमच्या गॅसला चालणारं आहे ना, ते नेमप्लेटवर वाचा. पीओई (एक सिंथेटिक) तेल असेल तर ते हवेतला ओलावा भराभर ओढतं. प्लग काढल्यापासून पंधरा मिनिटांत जोडणी व्हायला हवी. आधी डिस्चार्जचा प्लग काढा, मग सक्शनचा. उलटं केलं तर आतल्या प्रेशरबरोबर तेलाचे थेंब सक्शनच्या नळीवर येतात आणि ब्रेझिंग (रॉड वितळवून केलेला जोड) धरत नाही. या नळ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात, पॉलिश पेपरने घासून मुलामा घालवू नका. मुलामा शाबूत असेल तर ५ टक्के सिल्व्हरचा रॉड चालतो. पोलाद उघडं पडलं असेल तर जास्त सिल्व्हरचा रॉड आणि फ्लक्स लागतो, कारण ५ टक्केवाल्या रॉडमधला फॉस्फरस पोलादावर ठिसूळ जोड देतो. ब्रेझिंग चालू असताना पाइपमधून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवा. ती नसेल तर आत काळी पापडी धरते आणि नंतर सुटून ड्रायर व व्हॉल्व्ह चोंदवते.

लीक टेस्टही नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजन कधीही नाही; तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. नेमप्लेटवर लो साइडची मर्यादा दिलेली असते, तिच्या पुढे जाऊ नका. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड बघा. रात्रभर ठेवणार असाल तर ३०० पीएसआयला १० अंश तापमान उतरल्यावर साधारण १० पीएसआय आपोआप कमी होतात, तेवढ्याने घाबरू नका.

व्हॅक्यूमला मायक्रॉन गेज (खोल व्हॅक्यूम मोजणारं) लावा. मॅनिफोल्डच्या साध्या प्रेशर गेजच्या काट्यावर काहीच कळत नाही. ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप व्हॉल्व्हने तोडा आणि वीस मिनिटं थांबा. रीडिंग वाढत वाढत कुठेतरी थांबलं तर ओलावा आहे, थांबतच नसेल तर लीक. ओलावा असेल तर नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडून पुन्हा ओढा. व्हॅक्यूममध्ये कॉम्प्रेसर चालू करायचा नाही.

गॅस नेमप्लेटच्या वजनाइतका, वजनकाट्यावर मोजून. सुरुवात हाय साइडला लिक्विडने करा. कॉम्प्रेसर चालू करण्याआधी सक्शनलाही पुरेसं प्रेशर येऊ द्या आणि चालताना ते २५ पीएसआयच्या खाली उतरू देऊ नका. क्रँककेस हीटर बारा तास आधी चालू हवा. चालू केल्यावर खडखड आवाज आला आणि दोन्ही प्रेशर जवळजवळ सारखीच राहिली, तर स्क्रोल उलटा फिरतोय: लगेच बंद करा, कोणतेही दोन फेज अदलाबदल करा.

सर्किट स्थिर झाल्यावर सक्शन ६८ पीएसआयला असेल तर आर-२२ चं उकळण्याचं तापमान साडेचार अंशांच्या आसपास असतं. कॉम्प्रेसरजवळ सक्शन पाइप १३ ते १५ अंश दाखवत असेल तर सुपरहीट (या दोन तापमानांतला फरक) ठीक. डिस्चार्ज २५० पीएसआय म्हणजे गॅसचं लिक्विड होण्याचं तापमान ४७ अंश. लिक्विड पाइप ४० ते ४२ हवा. कॉम्प्रेसरपासून १५ सेंटीमीटरवर डिस्चार्ज पाइप १०७ अंशांच्या पुढे जाता कामा नये. करंट तिन्ही फेजला मोजून नेमप्लेटशी ताडून बघा.

आणि आता मूळ कारण शोधा. तुमच्या बाबतीत मी यावरच सर्वांत जास्त वेळ घालवेन. व्होल्टेज लोडवर मोजा. ४१५, ४०५, ३९५ असं आलं तर सरासरी ४०५, सर्वांत मोठा फरक १०, म्हणजे अडीच टक्के असंतुलन; एवढ्यानेही वाइंडिंगच्या तापमानवाढीत बारा टक्क्यांच्या आसपास भर पडते. २ टक्क्यांपर्यंत ठीक. ब्लोअरचा बेल्ट सैल किंवा फिल्टर चोंदलेला असेल तर कॉइलवर हवा कमी पडते, लिक्विड परत येतं, तेल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. टनामागे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) धरा, म्हणजे या युनिटला ४४०० च्या आसपास. गॅस कमी असेल तर मोटरला थंड करणारा सक्शन गॅसच अपुरा पडतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा रिले) असेल तर एक फेज काढून तो खरोखर ट्रिप होतो का ते तपासा. बऱ्याच पॅनेलमध्ये तो बायपास करून ठेवलेला सापडतो.

दोन-तीन दिवस चालल्यावर सक्शनच्या बर्नआउट ड्रायरचा प्रेशर ड्रॉप बघा आणि ॲसिड टेस्ट पुन्हा करा. टेस्ट पॉझिटिव्ह किंवा ड्रॉप ३ पीएसआयच्या वर गेला असेल तर लिक्विड आणि सक्शन दोन्ही ड्रायर बदला. टेस्ट स्वच्छ आल्यावर सक्शनचा ड्रायर काढून टाका, तो तिथे कायमचा ठेवायचा नसतो.