गॅलरीतली लायटिंग आणि नाताळचा स्टार: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या सजावटीचे प्रश्न यायला लागतात. यावेळी बहुतेक सगळे घराच्या बाहेरच्या बाजूबद्दल आहेत, म्हणजे गॅलरी, गेट, गच्ची, आणि त्यातही पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यावर जरा जास्त लिहितेय.

प्रश्न: आम्ही पुण्यात वडगाव शेरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. नाताळला गॅलरीच्या ग्रिलला माळा लावतो. गेल्या वर्षी रात्रभर नीट चालायच्या आणि पहाटे पाचच्या सुमाराला अख्ख्या घराची लाईट जायची. ऊन आल्यावर ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) वर केला की परत सगळं सुरळीत. वायरमन म्हणाला ईएलसीबीच काढून टाका. काढू का?

उत्तर: नाही ताई, अजिबात काढू नका. तो बिघडलेला नाहीये, तो त्याचं काम करतोय. आपल्याकडे डिसेंबरात दिवसा हवा कोरडी असते पण पहाटे पारा दहा-बाराला आला की दव पडतं, आणि उघड्यावरचं लोखंडी ग्रिल पटकन गार होतं त्यामुळे दव त्याच्यावर धरतं, आणि तुमच्या माळा त्याच ग्रिलला टेकलेल्या. माळेचा एखादा जॉइंट उघडा असेल तर त्या ओलाव्यातून थोडा करंट ग्रिलमध्ये उतरतो. घरातला ईएलसीबी साधारण ३० मिलिअँपिअर करंट असा गळाला की ट्रिप होतो. ऊन आलं, जॉइंट वाळला, की सगळं ठीक. आता तो काढून टाकला तर लाईट जाणार नाही, पण त्याच ग्रिलला सकाळी कोणीतरी हात लावणार, घरात लहान मूल असेल तर ते आधी लावणार.

माळ हातात घेऊन दिवसाउजेडी बघा. प्लगपासून वीतभर अंतरावर एक छोटी डबी असते ना, जिचं बटण दाबलं की लाईट लुकलुकायची पद्धत बदलते, ती बहुतेक माळांमध्ये नुसती दोन झाकणं दाबून बसवलेली असते, पाणी सहज आत जातं. ही डबी आणि प्लग दोन्ही घराच्या आतच राहिले पाहिजेत. बाहेर फक्त बल्बची वायर. दोन माळा जोडल्या असतील तर तो जॉइंटही आत घ्या, नाहीतर सरळ एकच लांब माळ आणा. जॉइंटवर सेलोटेप गुंडाळून काही होत नाही, उलट पाणी आत अडकून बसतं. आणि वायर खिडकीतून आत घेताना तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही. एवढीशी गोष्ट आहे पण फार उपयोगाची.

ग्रिलला बांधायला बाइंडिंगची तार नको, ती दोन आठवड्यांत वायरचं प्लास्टिक कापते. प्लास्टिकचे केबल टाय घ्या आणि करकचून आवळू नका.

नवीन घ्यायची असेल तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ॲडॅप्टरवाली माळ मागा, १२ किंवा २४ व्होल्टची. म्हणजे ॲडॅप्टर घरात आणि बाहेर जातो तो कमी व्होल्टेजचा करंट, तुमच्या लोखंडी ग्रिलसाठी हाच सगळ्यात चांगला उपाय. बॉक्सवर आयपी ४४ किंवा आयपी ६५ लिहिलंय का बघा, ४४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, ६५ म्हणजे पाण्याचा फवाराही चालतो. शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी जाऊ देत. आणि दुकानदाराला दहा मिनिटं लावून ठेवायला सांगा, ॲडॅप्टर चटका बसण्याइतका तापला तर ती माळ घेऊ नका.

प्रश्न: आमच्या मुलीला दारात नाताळचा स्टार हवाय. आम्ही कोथरूडला राहतो, सासूबाई म्हणतात आपल्याकडे आकाशकंदील लावतात, स्टार कशाला. दिवाळीचाच कंदील ठेवला तर चालेल का?

उत्तर: चालेल की, पण मुलीने स्टार मागितलाय तर स्टारच करा, आणि सासूबाईंना सोबत घेऊन करा, कारण ज्यांनी कधी कामट्यांचा कंदील बांधलाय त्यांना हे लगेच जमतं. नाताळ पुण्याला काही नवा नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, तिथे १७९२ सालापासून चर्च आहे. गुरुवार पेठेतलं पंच हौद चर्चही १८८५ सालचं, म्हणजे पेठांमधले लोक कित्येक पिढ्या हा सण शेजारी बघत आलेत. येशूचा जन्म झाला तेव्हा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना एका ताऱ्याने वाट दाखवली अशी बायबलमधली कथा आहे, म्हणून तो तारा दारात. आजींनी नातीला ही कथा सांगितली तर किती छान होईल.

करायचा असा: बांबूच्या पाच सारख्या कामट्या घेऊन एक सपाट चांदणी बांधा, मग तशीच दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात अशा पाच जागा असतात, तिथे दोन चांदण्यांच्या मध्ये चार-पाच इंचांची एकेक काडी उभी अडकवा, की मधला भाग फुगतो आणि टोकं निमुळती राहतात. हे बघताना मुलीला जी मजा येईल ती विकतच्या स्टारमध्ये नाही. कागद पतंगाचा लावला तर दवाने सैल पडतो आणि रंग उतरतो, त्यापेक्षा पातळ सुती कापड ताणून चिकटवा. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी, जुना पिवळा बल्ब नको, तो तापतो. होल्डर कापडाला टेकणार नाही असा मधोमध टांगा आणि मागे एक फट ठेवा बल्ब बदलायला.

प्रश्न: गेल्या डिसेंबरात लालभडक पॉइनसेटिया आणला होता. झाड मस्त वाढलं पण यंदा सगळी पानं हिरवीच. खत कमी पडलं का?

उत्तर: खत नाही, अंधार कमी पडला. याला रोज सलग तेरा-चौदा तास पूर्ण काळोख लागतो, ऑक्टोबरपासून दोन-एक महिने, तेव्हा वरची पानं लाल होतात. तुमच्या गॅलरीत रस्त्याचा दिवा येत असणार. या वर्षीपुरतं सोलापूर रोडच्या नर्सरीतून तयार झाड आणा. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारापासून रोज संध्याकाळी पाचला वर खोका झाकायचा आणि सकाळी सातला काढायचा. चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते.

प्रश्न: औंधला बंगल्यासमोर मोठा गुलमोहर आहे. त्याला बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लायटिंग गुंडाळायचा विचार आहे. कशी गुंडाळू?

उत्तर: दादा, प्लीज झाड सोडा. खिळे ठोकले की सालीला जखमा होतात, तिथून बुरशी आणि कीड शिरते, घट्ट वायर राहिली तर खोड जाड होताना ती सालीत रुतते. आणि पाखरं रात्री तिथे झोपायला येतात. गेटचे दोन खांब आणि कंपाउंडची भिंत उजळा, पुरेसं दिसतं.

प्रश्न: रात्रभर चालू ठेवलं तर बिल किती येईल? आणि हे सगळं उतरवायचं कधी?

उत्तर: १० वॅटची एलईडी माळ रोज सहा तास, पंधरा दिवस, म्हणजे ९०० वॅट-अवर, एक युनिटसुद्धा नाही. जुन्या बारीक बल्बांची ४० वॅटची असेल तर चौपट. पण बिल कमी येतं म्हणून रात्रभर नको, समोरच्यांच्या बेडरूमच्या भिंतीवर ती लुकलुक चालू राहते आणि ते बिचारे बोलत नाहीत. टायमरवाला प्लग मिळतो, अकराला बंद होईल असा लावून टाका, आणि लुकलुकण्याऐवजी स्थिर उजेड ठेवा.

बरीच ख्रिस्ती कुटुंबं ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या (वर सांगितलेल्या त्याच ज्ञानी लोकांच्या) सणापर्यंत स्टार ठेवतात, तुम्हीही तोवर ठेवा. उतरवल्यावर माळ दिवसभर सावलीत वाळवा, मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैलसर गुंडाळा आणि त्याच पुठ्ठ्यावर किती फुटांची आणि कुठला भाग बंद पडला होता ते पेनाने लिहून ठेवा.