गोखल्यांनी नुसती भाषणंच केली का?

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "टिळक तुरुंगात गेले. गोखल्यांनी नुसती भाषणंच केली ना? मग फर्ग्युसन रस्त्याला त्यांचं नाव कशाला?" मला ते लागलं. पण तुला दोष कसा देऊ? आमच्याकडेही भिंतीवर फोटो टिळकांचाच होता. नामदार गोखले म्हणजे मवाळ, एवढ्यावर विषय संपायचा. तेव्हा एकच भाषण उलगडून सांगतो, पटलं तर बघ.

26 मार्च 1902, कलकत्ता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांचं बजेटवरचं पहिलं भाषण. हिंदी सभासदांना तिथे बजेटवर फक्त बोलता यायचं, मत देता येत नसे. सरकारचं म्हणणं, तिजोरीत शिल्लक आहे, अर्थात देशाचं बरं चाललंय. फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवलेल्या या माणसाने ती शिल्लक येते कुठून, हेच मांडून दाखवलं.

हिंदुस्थान सरकारला दरसाल दीड कोटी पौंडांहून जास्त रक्कम विलायतेत भरावी लागे. कर गोळा व्हायचे रुपयांत. 1894-95च्या सुमारास रुपया घसरून साधारण 13 पेन्सवर आला होता. पौंडाचे पेन्स 240, तेव्हा एका पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये पडत. पुढे रुपया 16 पेन्सवर गेला आणि तोच पौंड 15 रुपयांत मिळू लागला. पण घसरणीच्या काळात चढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक ही अशी. तीही नुकताच मोठा दुष्काळ भोगलेल्या लोकांच्या खिशातून!

त्यातलाच एक कर मिठावरचा, मणाला अडीच रुपये. तो 1903 साली दोन, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपयावर आला. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना देणार नाही, पण मिठाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, हे नक्की.

त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही. प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांनी पुण्यात केलेल्या अत्याचारांबद्दल ते 1897 साली विलायतेत बोलले, ते पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावं फोडली नाहीत, जाहीर माफी मात्र मागितली. ती माफी मला अजून खुपते.

1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. सहा ते दहा वर्षांची मुलं, तीही आधी फक्त मुलगे. खर्चाचे दोन हिस्से सरकारने उचलायचे, एक म्युनिसिपालटीने किंवा लोकल बोर्डाने. 19 मार्च 1912 रोजी ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. मुलींना थांबवून ठेवणं तुला आवडणार नाही, मलाही नाही. पण एवढं जपून मांडलेलं बिलसुद्धा सरकारला झेपलं नाही, हेही लक्षात घे.

वाचच असा आग्रह नाही. वाचावंसं वाटलं तर 1902चं भाषण घे, आणि आधी तो रुपया-पेन्सचा हिशेब कागदावर स्वतः करून बघ. अडलं तर रविवारी फोन कर.

तुझा,
बाबा