वाळलेल्या तुराट्यांवरचे काळे ठिपके कोणत्या बुरशीचे, हे कसे ओळखावे?

शेतात रचून ठेवलेल्या तुराट्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात आणि आपल्याकडे महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शक आहे, तर तेवढ्यावर बुरशीचे नाव सांगता येईल का, असे आपण विचारले आहे. वंशापर्यंत बहुतेक वेळा पोहोचता येते, जातीपर्यंत मात्र क्वचितच.

काळ्या रंगावर विसंबू नये, कारण वाळलेल्या खोडांवरच्या बहुसंख्य बुरश्या काळ्याच दिसतात. प्रथम दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ठिपका सालीवर बसला आहे, साल फोडून वर आला आहे की सालीखाली दडला आहे, हे पाहावे. बोटाला काजळीसारखा लागणारा थर असेल, तर पारदर्शक चिकटपट्टी त्यावर हलकेच टेकवून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबावर ठेवावी. बीजाणूंची मांडणी न मोडता दिसते: टोरुला या वंशात ते साखळीत असतात, तर पेरिकोनिया या वंशात उभ्या दांड्याच्या टोकाशी गोलाकार डोक्यासारखे जमलेले असतात.

सालीत रुतलेल्या ठिपक्यांना मात्र छेद घ्यावाच लागतो आणि माझ्या मते ओळखीचे निम्मे काम या छेदातच होते. काटकी थोडा वेळ पाण्यात भिजवून नव्या ब्लेडने ठिपक्याच्या मधोमध शक्य तितका पातळ काप घ्यावा. आत पोकळी नसून सगळा भाग घट्ट काळ्या पेशींचा असेल आणि असे सूक्ष्म कण सालीखाली राखेसारखे विखुरलेले असतील, तर ती मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही खोडकूज घडवणारी बुरशी असण्याचा संभव मोठा आहे. पोकळी असेल, तर बीजाणू थेट भिंतीवरच्या देठांवर धरले आहेत की लांबट पिशव्यांत, बहुधा आठ-आठ, भरलेले आहेत, हे पाहावे. पहिली रचना पिक्निडियमची, म्हणजे अलैंगिक अवस्थेतल्या बंद कुपीची. दुसरी लैंगिक अवस्थेची.

पिक्निडियमातल्या बीजाणूंची तरुण आणि पक्व अशी दोन्ही रूपे शोधावीत. लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी या बुरशीचे, साधारण २० ते ३० मायक्रॉन लांबीचे बीजाणू आरंभी रंगहीन व एकपेशीय असतात. पिकल्यावर ते तपकिरी होतात, मध्ये एक पडदा येतो आणि अंगावर उभ्या रेषा उमटतात. नुसते तरुण बीजाणू पाहणारा सहज दुसऱ्याच वंशाचे नाव देऊन बसतो. लहान बीजाणूंमध्ये दोन तेलकट थेंब असतील आणि सोबत धाग्यासारखे वाकलेले दुसऱ्या प्रकारचे बीजाणू असतील, तर डायापोर्थे या वंशाचा विचार करावा. बंद कुपीऐवजी उघडी बशीसारखी रचना आणि तिच्यात ताठ काळे केस दिसले, तर कोलेटोट्रिकम या वंशाचा.

पहिली काचपट्टी नेहमी साध्या पाण्यातच करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंजकाचा निळा रंग नंतर उपयोगी पडतो, पण बीजाणूंचा मूळ रंग आणि भोवतीचे बुळबुळीत वेष्टन पाण्यातच नीट कळते. ठिपके कोवळे निघाले, तर काटकी ओल्या टिपकागदासह झाकलेल्या डबीत काही दिवस ठेवावी.

जुन्या पुस्तकांत फोमॉप्सिस आणि डायापोर्थे ही नावे वेगळी सापडतील, पण ती एकाच बुरशीच्या दोन अवस्थांची आहेत. २०११ च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत एका बुरशीला एकच नाव हा नियम ठरला आणि डायापोर्थे हे नाव राहिले.

डायापोर्थे आणि कोलेटोट्रिकम यांच्या जाती निव्वळ आकारावरून ठरवू नयेत. त्यासाठी संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवणे, आणि डीएनए तपासणी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे. कोणत्याही तज्ज्ञाकडे नमुना पाठवायचा झाल्यास काटक्या पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घालाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, आणि पाकिटावर यजमान वनस्पती, ठिकाण, तारीख व तुकडा बुंध्याकडचा की शेंड्याकडचा, हे लिहावे.