वेल्श लोकांच्या इतिहासातले महत्त्वाचे टप्पे कोणते?

१२८२ ला वेल्सचा राजपुत्र लेवेलिन मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स गिळलं, मग १४०० मध्ये ओवेन ग्लिनडूर या वेल्श नेत्याचं इंग्लंडविरुद्ध बंड, तेही चिरडलं, हे कुठेही वाचायला मिळेल. पण आजचं वेल्स समजून घ्यायचं तर माझ्या मते १९६५ बघा. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधलं आणि कॅपेल केलिन हे अख्खं वेल्शभाषिक गाव शाळा, चॅपल, पोस्ट सगळ्यासकट बुडवलं, तेही पार्लमेंटात वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलेलं नसताना! लोक जाम भडकले. १९६६ ला प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा पहिला खासदार निवडून आला. लिव्हरपूलने माफी मागितली ती थेट २००५ मध्ये. आणि हो, वेल्सला स्वतःची असेंब्ली (विधानसभा) १९९९ ला मिळाली, १९९७ च्या सार्वमतात जेमतेम ५०.३ टक्के होकारावर.